रहाटाची नाडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. मोजणारे कधीच गेले आणि त्यांचं ऐकणारेही गेले. गोष्ट तेवढी मागे राहिली, कारण गोष्टीला प्यायला पाणी लागत नाही. माणसांना लागतं.

एका उंच दरडीवर एक नगर होतं. तिथे विहीर खणली तर कातळ लागायचा, आणि कातळ फोडला तर खाली आणखी कातळ. नदी होती, पण ती बारा पुरुष खोल. नदीपर्यंत शंभरावर पायऱ्या होत्या. उतरताना त्या शंभर असत आणि भरली घागर घेऊन चढताना दोनशे होत, असं तिथल्या बायका म्हणत. म्हणून कोण्या जुन्या राजानं दरडीच्या कडेला एक मोठा रहाट बसवला होता. चार बैल गोल फिरत, त्यांच्या जोरावर मोठं चाक फिरे, आणि चाकावरची गाडग्यांची माळ रिकामी खाली जाऊन भरलेली वर येई. पाणी दगडी पाटातून नगराच्या हौदात पडे. सकाळी सुरू झालेला रहाट दिवेलागणीला थांबे.

तो रहाट राखायला तुळाजी नावाचा माणूस होता. राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे नगरात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. बैल हाकायचं काम हैबतीचं. लाकूडकाम सुतारांचं. तुळाजी मात्र चाकापाशी बसलेला दिसे, आणि येणारेजाणारे म्हणत, "नशीब काढलं गड्यानं. सावलीत बसायचं आणि राजाची भाकरी खायची."

तुळाजी बसून काय करी, ते तुम्हाला सांगतो.

चाकाचा आस म्हणजे खैराचा एक भला मोठा सोट होता. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी वेढे होते, आणि ती टोकं दगडी खोबणीत फिरत. रोज सकाळी बैलांचे शंभर फेरे झाले, की तुळाजी खोबणीच्या दगडावर तळहात ठेवी. दगड गार आहे, कोमट आहे की तापलाय, हे बघे. मग खोबणीतलं वंगण दोन बोटांत चोळी. त्यात लोखंडाचा चकाकता कण लागतो का ते पाही. मग एक काठी खांबाला लावून तिचं दुसरं टोक कानाशी धरी. शेवटी पितळेची एक वाटी पाण्यानं भरून दगडावर ठेवी. चाक सुखात असलं की पाणी स्थिर राही. चाकाला काही खुपत असलं, की वाटीत बारीक वर्तुळं उठत.

हे सगळं झालं, की छपराखालच्या भिंतीवर गेरूनं एक रेघ ओढी. दगड गार असला तर एक बोट लांबीची. कोमट असला तर दोन बोटं. रेघ तीन बोटांवर गेली, की तुळाजी उठे आणि हैबतीला म्हणे, "बैल सोड. दोन प्रहर थांबवायला लागंल."

मग सुतार-लोहार येत, आस उचलत, झिजलेला वेढा काढून नवा बसवत. काढलेला वेढा बघून लोहार दर वेळी म्हणे, "एवढंसंच झिजलंय की! चार-सहा महिने सहज निघाले असते."

"निघाले असते," तुळाजी म्हणे. "मग आस गेला असता."

आस गेलेला कोणी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे हे कोणाला पटत नसे. बायकांना तर मुळीच पटत नसे, कारण ते दोन प्रहर त्यांना घागरी घेऊन पायऱ्या उतरावं लागे. नगराच्या पार वरच्या आळीत कोंडाई राहायची. तिची जीभ सुरीसारखी चाले. चढून चढून धाप लागली, की ती रहाटापाशी घागर टेकवी आणि म्हणे, "तुळाजी, चांगलं चाललेलं चाक थांबवायला तुला कोण सांगतं रं? माझे गुडघे तुझ्या डोळ्यांवर आले का?"

तीस वर्षं तुळाजी हे ऐकत आला होता. पहिली दहा वर्षं त्याला राग येई. पुढची दहा वर्षं वाईट वाटे. आता नुसता थकवा येई, आणि तो उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखाच असे.

त्या नगरात एक रीत होती. दसऱ्याला राजा दरबार भरवी आणि ज्यानं वर्षभरात काही मोठं मोडलेलं सावरलं, त्याच्या खांद्यावर शेला घाली. एका वर्षी धान्याच्या कोठाराचं छत कोसळलं. मुख्य सुतारानं ते आठ दिवसांत उभं केलं. त्याला शेला मिळाला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. छत कोसळायच्या आधी तीन पावसाळे त्या कोठाराच्या तुळईत भुंगा लागलेला होता आणि तो याच सुताराला दिसत होता, हे कोणी विचारलं नाही, आणि सुतारही काही इतका साधा नव्हता की आपणहून सांगेल.

त्याच दरबारात नव्या कारभाऱ्याची नजर मागे उभ्या असलेल्या तुळाजीवर गेली. कारभारी हुशार होता, कामसू होता, आणि फुकट काही चाललेलं त्याला खपत नसे.

"तुळाजी, यंदा तू काय दुरुस्त केलंस?"

"मोडलंच नाही काही, जी."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी पण नाही."

"मग तू करतोस काय?"

दरबार हसला. राजाही हसला, जरा. तुळाजीनं मान खाली घातली. आपण काय करतो हे सांगायला त्याच्याकडे शब्द होते; पण न घडलेली गोष्ट दाखवायची कशी, हे त्याला उभ्या आयुष्यात सापडलं नव्हतं.

कारभारी पुढे म्हणाला, "वर्षातून एक-दोन वेळा तू चालता रहाट थांबवतोस. नगर पायऱ्या चढतं. आजपासून नियम असा. आधी मोडलेलं काय ते मला दाखवायचं, मग रहाट थांबवायचा."

लोकांनी माना डोलावल्या. कोंडाईनं तर टाळ्या वाजवल्या. नियम ऐकायला किती शहाणपणाचा होता, नाही का? तुम्हीआम्ही तिथे असतो, तर आपणही डोलावल्याच असत्या.

दसऱ्याला तुळाजीनं दरवर्षीप्रमाणे भिंतीला चुना दिला आणि कोऱ्या भिंतीवर पहिली रेघ ओढली. एक बोट. कार्तिक गेला, पौष गेला. माघात एके दिवशी दगड कोमट लागला. दोन बोटं. पंधरा दिवसांनी वंगणात कण लागले, बाजरीच्या दाण्याहून बारीक. रेघ तीन बोटांवर गेली.

तुळाजी कारभाऱ्याकडे गेला.

"काय मोडलंय?" कारभाऱ्यानं विचारलं.

"मोडलं नाही जी, मोडणार आहे."

"मग मोडलं की ये."

आठ दिवसांनी तो पुन्हा गेला. त्यानं चकाकते कण चिमटीत नेले होते. कारभाऱ्यानं ते फुंकून उडवले आणि हातातलं काम पुढे केलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याला दारातच बसवून ठेवलं. दुपार झाली, ऊन पायावर आलं, मग डोक्यावर आलं. शेवटी शिपाई म्हणाला, "अहो, घरी जा. रहाट तर फिरतोय!"

खरंच फिरत होता. तिथूनही त्याचा आवाज ऐकू येत होता. सगळ्यांना त्यात पाण्याचा आवाज ऐकू येई. तुळाजीला त्या आवाजाच्या तळाशी एक ठुसठुस ऐकू येई, दुखऱ्या दाढेसारखी.

तो परत आला, चाकापाशी बसला आणि त्याच्या मनानं अंग टाकलं. हे कसं होतं, ते ज्याचं त्याला कळतं. त्याला राग आला नाही, कोणाचं वाईट व्हावं असंही वाटलं नाही. फक्त पुन्हा एकदा तोंड उघडायचं, पुन्हा तेच शब्द जुळवायचे, पुन्हा तेच हसू बघायचं, एवढं बळ अंगात उरलं नव्हतं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? तीस वर्षं ओतलं. आता हात दुखत होते.

त्या दिवसापासून तुळाजीनं सांगणं सोडलं. तळहात ठेवणं मात्र सुटेना. सवय होती. रोज सकाळी तो हात ठेवी, आणि रोज रेघ ओढी. चार बोटं. पाच बोटं. कोणी बघत नव्हतं, तरी ओढी.

चैत्र लागला. ऊन तापलं, नगराला पाणी जास्त लागू लागलं, बैलांचे फेरे वाढले. एका दुपारी हैबती भाकरी घेऊन त्याच्याजवळ बसला. हैबती पंचविशीतला गडी, गाणारा. बैलांना तो गाऊन हाकी, आणि पाखऱ्या नावाच्या पांढऱ्या बैलावर त्याचा फार जीव.

"दादा, हल्ली लई गप असता. चाक बरं हाय न्हवं?"

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या एका जागेवर टेकली आहे. तुळाजीच्या समोर वाटी होती, आणि वाटीतलं पाणी नुसतं थरथरत नव्हतं, कडेवरून सांडत होतं. तुळाजीनं वाटीकडे पाहिलं. सांगितलं तर हैबती आणखी विचारणार. मग समजावून सांगावं लागणार. मग हैबती बैल सोडणार, कारभारी येणार, नियम दाखवणार, दोघांना बोल लावणार, आणि बैल पुन्हा जुंपले जाणार. एवढं सगळं त्याला दिसलं आणि त्या सगळ्याचा त्याला कंटाळा आला.

"काही नाही," तो म्हणाला. "ऊन हाय." आणि वाटी त्यानं उपडी केली.

असे एकवीस दिवस गेले.

बाविसाव्या दिवशी, माध्यान्हीला, आस तुटला. कडकन फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि मागोमाग चाक एका अंगाला कललं. गाडग्यांची माळ दरडीवर आपटत खाली गेली. चाकाचा तुळवा, म्हणजे त्याला तोलून धरणारी जाड तुळई, बैलांच्या वाटेवर आडवा पडला. पाखऱ्या जागच्या जागी गेला. हैबती त्याला ओढायला धावला आणि तुळव्याखाली त्याचा उजवा पाय सापडला.

तुळाजीनं दोन्ही हातांनी तुळवा उचलायला पाहिलं. एकट्याच्यानं तो कसा उचलणार? माणसं धावली, बारा जणांनी तो उचलला. हैबती वाचला. पाय गुडघ्यापासून गेला.

मग नगराचे दिवस सुरू झाले. खैराचा तसा सोट जवळपास कुठे नव्हता. तो शोधायला, तोडायला, ओढून आणायला दोन महिने लागणार होते, आणि ते दोन महिने नेमके वैशाख आणि ज्येष्ठ. पहाटेपासून पायऱ्यांवर रांग लागे. म्हातारी माणसं मध्येच पायरीवर बसून राहत. भाज्यांचे वाफे सुकले, मग लिंबोणीची झाडं सुकली, मग पाच-दहा घरं कुलूप लावून दुसऱ्या गावी गेली. लोक इतके थकले की एकमेकांशी भांडेनात. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे तर विहीर खणायचीही सोय नव्हती.

राजा स्वतः रहाटापाशी आला. नगर गोळा झालं. कारभारी पुढे होऊन म्हणाला, "महाराज, दैवाचा घाला आहे. चालता चालता मोडला. कोणाला कळणार होतं?"

कोंडाई भिंतीला टेकून उभी होती, डोईवर चुंबळ, काखेत घागर. त्या भिंतीकडे तीस वर्षांत तिनं कधी पाहिलं नव्हतं. आज टेकायला दुसरी जागा नव्हती म्हणून पाहिलं.

"हे काय वं?" ती म्हणाली.

कारभारी म्हणाला, "गेरूच्या रेघा आहेत. तुला काय वाचता येणार त्यात?"

"ह्यात वाचायचं काय? चढतंय की!" तिनं घागर खाली ठेवली आणि रेघांवरून बोट फिरवत चालत गेली. "हितं बोटभर. हितं दोन बोटं. हितं माझी वीत झाली. आन् हितं..." भिंत संपायच्या अलीकडे शेवटची रेघ हातभर लांब होती. तिच्यापुढे नुसता चुना.

राजानं विचारलं, "तुळाजी, तुला माहीत होतं?"

कारभाऱ्याकडे बोट दाखवणं तुळाजीला अगदी सोपं होतं. तो तीनदा गेला होता, शिपाई साक्षीला होता. त्यानं ते सांगितलंही, पण एवढ्यावर थांबला नाही.

"तीनदा सांगितलं, महाराज. त्याच्यापुढं न्हाई सांगितलं. हैबतीनं सोताहून विचारलं, तरी न्हाई सांगितलं. त्याच्यावर एकवीस दिस गेले."

"का?"

"दमलो होतो."

राजाला वाटलं होतं, काही मोठं कारण निघेल. एवढं साधं कारण ऐकून तो त्या हातभर रेघेकडे बघत राहिला. त्याला दसऱ्याचं ते हसू आठवत असावं. निदान आपण तसं समजू. मग त्यानं कारभाऱ्याचा नियम मोडीत काढला, आणि नवा आस बसेपर्यंत कारभाऱ्यानं रोज दोन घागरी पाणी स्वतः वर आणावं असं फर्मावलं. तुळाजीला त्यानं काहीच शिक्षा सांगितली नाही.

तुळाजी म्हणाला, "मला मोकळं करा, महाराज. हे हात आता ह्या कामाचे न्हाईत."

"ते मी ठरवणार नाही," राजा म्हणाला. "हैबतीला विचार."

तुळाजी हैबतीच्या खोपटात गेला. जाताना त्याला त्या शंभर पायऱ्या चढल्यासारखी धाप लागली. हैबती खाटेवर बसून पाखऱ्याच्या गळ्यातली घंटा पुसत होता. त्यानं वर पाहिलं.

"दादा, मी विचारलं तवा दगड तापला व्हता?"

"व्हता."

"हात ठेवता येत व्हता?"

"न्हाई."

"मग मला का न्हाई सांगितलं? कारभाऱ्यानं ऐकलं नसतं. मी ऐकलं असतं."

तुळाजी दाराशीच खाली बसला आणि रडला. तीस वर्षांत आपलं कोणी ऐकत नाही, असं तो धरून बसला होता. एक माणूस ऐकायला तयार होता, विचारायला आपल्या पायांनी आला होता, आणि त्याच्यासमोर आपण वाटी उपडी केली, हे त्याला सहन होईना.

हैबतीनं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "मोकळं व्हायचं न्हाई. बैलामागं फिरणं आता माझ्यानं व्हायचं न्हाई. पर चाकापाशी बसता येतंय. मला शिकवा. एकानं दमायचं, तर दुसऱ्यानं सांगायचं."

ज्येष्ठाच्या शेवटी नवा आस बसला. पहिल्या दिवशी सकाळी शंभर फेरे झाले आणि तुळाजी तळहात ठेवायला गेला, तर तिथे कोंडाई आधीच उभी.

"सर बाजूला," ती म्हणाली. "कुठं ठेवायचा हात?"

तिनं हात ठेवला, दगड गार लागला, आणि बोटभर रेघ तिनंच ओढली, जरा वाकडी. मग नगरात ठरूनच गेलं. रोज एका घराची पाळी. ज्याची पाळी त्यानं यायचं, दगडाला हात लावायचा, वंगण चोळायचं, वाटीतलं पाणी बघायचं, रेघ ओढायची. हैबती काठी कानाला लावून बसलेला असे, आणि तुळाजी चुकलं तर सांगे. सुतार आला, शिपाई आला, आपल्या पाळीला कारभारीही आला. गार कुठे संपतं आणि कोमट कुठे सुरू होतं, ते एकेकाच्या तळहाताला कळू लागलं.

पुढच्या माघात रेघ तीन बोटांवर गेली. त्या दिवशी पाळी पुन्हा कोंडाईची होती. तिनं हात काढला, लुगड्याला पुसला आणि ओरडली, "तीन बोटं! सोडा बैल!"

तुळाजीला तोंड उघडायची गरजच पडली नाही. बैल सुटले. बायका घागरी घेऊन पायऱ्या उतरल्या. कुरकुरत उतरल्या बरं का, गुडघे काही कोणाचे बदलले नव्हते, पण उतरल्या. लोहारानं झिजलेला वेढा काढून हातात घेतला, आणि या वेळी "एवढंसंच" म्हणाला नाही.

आणि तुळाजी? तो पाटाकडेच्या कडुलिंबाखाली गेला, मुंडासं उशाला घेतलं आणि चाक थांबलेलं असताना, तीस वर्षांत पहिल्यांदा, भर दुपारी झोपी गेला. त्याला कोणी उठवलं नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गोष्ट इथे थांबते, आणि तिचं म्हणणं एवढंच: मोडण्याआधी सांगणाऱ्याला एकटं पाडलं, की चाकाआधी तोच मोडतो.